मायाक्काचा आवाज

पंचाहत्तर साली सोलापुरात एका डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी सांगोल्याकडचा एक मेंढपाळ होता, सिदू. त्याच्या बायकोला आत घेऊन गेलेला मेव्हणा बिरदेव एकटाच बाहेर आला.

“दाजी, मायाक्का आळशी न्हाय. आजारी हाय ती.”

“काय झालंय?”

“गळ्यात एक ग्रंथी असती म्हणं. तिचा रस रगतातनं अंगाच्या कणाकणात शिरतो आन आतनं सांगतो, उठा, कामाला लागा. हिचा रस आटलाय. सांगणारंच कुणी न्हाय. म्हणून ही सूज, ही सुस्ती.”

“मग आता?”

“त्योच रस गोळीतनं द्यायचा. रोज, जलमभर. बरी हुईल म्हणत्यात.”

“आन मी तिला काय काय बोललो रं...”

“ते ऱ्हाऊ द्या. डाक्टर इचारत्यात, आवाज कवापासनं घोगरा झालाय? तिला आठवंना.”

“घोगरा?”

“तुमास्नी ठावं न्हाय? दिवाळीला तिनं हाक मारली, तर मला वळकू आली न्हाय की.”

सिदूनं डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर घेतलं.

“मागं तुमच्या बांड्या मेंढीचा आवाज बसला. शंभर मेंढरांत तुमास्नी कवा कळलं?”

“त्याच सांजंला.”

“मग हिचा कवापासनं? आत वाट बघत्यात, दाजी.”

“कसं सांगू, बिरदेव? आदी मी वराडलो की ती उलटून बोलायची. मग गप बसाय लागली. मला वाटलं, सुधारली.”