मागच्या रविवारवर फिरलेला अँटिना

...नाई, तुमीच सांगा, मेलेल्या मानसानं किती वेळा उठावं? एकदा उठावं, दोनदा उठावं, पन त्या टीव्हीतल्या भुताच्या मालिकेतला राघव दर रविवारी संध्याकाळी विहिरीत पडून मरे, आन् पुढच्या रविवारी त्याच खाटेवर, त्याच पट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यात, कोंबडा आरवला का उठून बसे... आन् पुन्हा तीच सकाळ.

आता तुमाले सांगतो, टीव्ही माह्या घरी, इथंच मोताळ्यात, पन अँटिना माह्या घरावर नाई. माह्यं घर टिनाचं, बुटकं. बाजूले हिंमतदादाची माडी, मधात एकच भिंत. हिंमतदादा माहा सख्खा मोठा भाऊ, आन् आमचं अकरा वर्षं बोलनं बंद. काऊन? तं माह्या पोरीच्या लग्नात मी व्याह्याले फेटा बांधला, व्याह्याच्या मेव्हन्याले बांधला, बँडवाल्यालेबी बांधला, आन् सख्ख्या भावाचा फेटा पेटीतच राह्यला. इसरलो हो. लग्नघरात मानूस सोताचं नाव इसरते. दादा म्हने, मोतीराम पह्यले बोलला तं मी बोलन. मी म्हनलं, मोठा तो हाय, तो पह्यले बोलला तं मी बोलन. झालं. अकरा वर्षं रोज उठलो, दाराशी दोघं बाजूबाजूले दात घासत उभे, हा पूर्वेले पाहे, मी पश्चिमेले... आन् पुन्हा तीच सकाळ.

बाया मातर बोलत. माह्यी पुष्पा आन् अंबूवहिनी, दोघीनं परस्पर ठरवलं, का अँटिना माडीवर बसन आन् चित्र हाललं का दादा फिरवन. आता पाहा मजा. चित्र गेलं का मी पुष्पाले म्हने, "त्याले म्हना, थोडा मलकापूरकडे." पुष्पा अंगनात जाऊन वहिनीले सांगे, वहिनी माडीवर वरडे, दादा फिरवे, मंग वरून "आलं का?" तो "आलं का" वहिनीजवळून पुष्पाजवळ, पुष्पाजवळून माह्याजवळ येईपर्यंत आलेलं चित्र गेलेलं राहे आन् राघव अर्धा मेलेला राहे.

दुसऱ्या रविवारी टीव्ही लावला तं तेच. तीच खाट, तोच कोंबडा. माह्यं डोस्कंच फिरलं. म्हनलं, पाह्यलं का, यानं अजून डूख धरला हाय, यानं मुद्दाम अँटिना मागच्या रविवारवर फिरवला. "पुष्पा, त्याले म्हना, मागचा रविवार पाहून झाला, आता ह्या रविवारवर आन." निरोप गेला. निरोप आला. पुष्पा तोंड तिकडं करून म्हने, "भाऊजी म्हनतात, अँटिना दिशेवर फिरते, वारावर फिरत नाई. वारावर फिरत असता तं म्या कवाच लग्नाच्या दिवसावर नेऊन ठेवला असता." त्या दिवशी भाकर गेली नाई मले, खोटं काऊन सांगू.

मंग आमच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या बशीरभाईनं समजावलं, "मोतीरामभाऊ, टीव्ही ठीक हाय. त्या मानसाचा दिवसच अटकला हाय." म्हनजे कसं, तं हा राघव विहिरीवर मांगून एक सावली पाहून दचकते आन् पडते. मेल्यावर त्याच दिवसात वापस येते, का आपन आपल्याले वाचवू. आन् ती सावली म्हनजे हाच, वाचवाले आलेला. हा वाचवाले जाते म्हनून तो पडते, आन् तो पडते म्हनून हा वाचवाले जाते. आता सुटावं कसं? आमी दहा दिवस वाद घातला. पुष्पा भाजी निवडत म्हने, "त्यात काय हाय? दुरूनच आवाज द्यावा, मीच हाय, भेऊ नको म्हनावं. पन एकानं तोंड उघडलं पायजे ना." आन् तिनं माह्याकडे असं पाह्यलं, का मी उठून बाहीर गेलो.

बाराव्या रविवारी शेवटचा भाग. खोलीत पंधरा मानसं. राघव विहिरीवर, मांगं सावली, सावलीनं तोंड उघडलं... आन् पडद्यावर साऱ्या मुंग्या. "पुष्पा, त्याले म्हना..." पुष्पा हालेना. वहिनी शेंगा सोलत बसलेली, तीबी हालेना. "तुमीच म्हना," दोघी म्हनल्या.

पळालो अंगनात. वर पाह्यलं तं दादा दोन्ही हातानं अँटिनाची नळी धरून उभा, धोतर वाऱ्यावर उडून राह्यलं, साठीचा मानूस. तवा मले उमजलं, का यानं बारा रविवार मालिका पाह्यलीच नाई. आमाले दिसावं म्हनून हा वरच उभा. मले भडभडून आलं. म्हनलं, "दादा, थोडा मलकापूरकडे."

वरून आवाज आला, "मलकापूरकडे किती?"

"हातभर."

"आलं का?"

मी मांगं पाह्यलंच नाई. म्हनलं, "आलं."

"मंग रडून काऊन राह्यला बे?"

"दादा, तुहा फेटा अजून पेटीतच हाय."

"ठाव हाय मले. ऊन दाखवत जा त्याले, कसर लागन."

आत आलो, म्हनलं, राघव वाचला का? कोनालेच माहीत नाई. पंधराच्या पंधरा जन खिडकीत उभे, आमाले पाहत. बशीरभाईबी. गावात दुसरे दोन टीव्ही, ते त्याच्याच दुकानात खोलून पडलेले.

ज्यानं कोनं ती मालिका लिवली, त्याचं भलं होवो, त्याच्या लेकराबाळाले औक्ष मिळो. पन त्यानं माह्यं काय केलं ते ऐका. आता दादा रोज सकाळी तोच लाल फेटा बांधून चहाले येते. "मोत्या, मी वर होतो, मले पह्यल्यापासून सांग." मी खाटेपासून, कोंबड्यापासून सारं सांगतो. दोन कप चहा होते. शेवटी इचारते, "मंग, वाचला का तो?" म्हनतो, "माहीत नाई, दादा." म्हने, "बरं, आठवून ठेव, उद्या सांगजो."

आन् पुन्हा तीच सकाळ.