हेमलताबाईंचा एक दिवस

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं देऊ नका, शेजारी घरचं माणूस बसलंय. आपलं ज्याच्यावर प्रेम आहे, त्याला काय हवं असतं ते आपल्याला ठाऊक असतं का? माना हलल्या. पुरुषांच्या जरा जास्त हलल्या. बरं, मग ऐका.

कुडाळला विश्वंभर नेरूरकर नावाचे गृहस्थ, सगळे त्यांना पंत म्हणायचे. जमीन मोजणी खात्यात अख्खी नोकरी काढली. कुणाचा बांध कुठे संपतो, डोळे मिटून सांगायचे. निवृत्त झाले आणि मनात आलं, हेमलतेला परदेश दाखवायचा. हेमलता म्हणजे त्यांची बायको. आता असं मनात येणारा नवरा वाईट का हो? छे! चांगलाच माणूस. पण घोटाळे चांगल्या माणसाच्याच हातून होतात. वाईट माणूस निदान विचार करून वागतो.

देश ठरला इटली. इटलीच का? तर साडूनं फोटो दाखवले होते म्हणून. पण साडूसारखं बसमध्ये कोंबून जायचं नाही, आपल्याला हवी तशी सहल आखून घ्यायची. कोल्हापुरात ऋजुता नावाची मुलगी हेच काम करायची. तिनं दोघांना दोन फॉर्म पाठवले — काय बघायला आवडतं, चालणं किती झेपतं, कंटाळा कशाचा येतो. पंतांनी दोन्ही फॉर्म एकट्यानं भरले. आपल्या फॉर्मात नऊ दिवसांत अकरा गावं. बायकोच्या फॉर्मात एकच ओळ: ‘हिला सगळं चालतं.’

ऋजुताचा फोन आला. "काका, काकूंशी जरा बोलू?"

"अगं, ती कणीक मळतेय. मी सांगतो ना."

"मळू देत. मी थांबते."

आता आली का पंचाईत? हेमलताबाईंचे हात पिठाचे. म्हणून फोन ओट्यावर ठेवला, आवाज मोठा केला. म्हणजे पंतांनाही सगळं ऐकू येणार.

"काकू, इटलीत तुम्हाला काय हवंय?"

बाईंचे हात परातीतच थांबले. म्हणाल्या, "एक दिवस."

"कशासाठी?"

"ते तिथे गेल्यावर बघीन. एक दिवस मला एकटीला दे. यांना दुसरीकडे कुठेतरी पाठव."

मंडळी, पंत खुर्चीत खिळले. दुपारचं जेवण झालं. हात धुताना त्यांनी विचारलंच, "माझा कंटाळा आला का तुला?"

"तुमचा नाही हो," हेमलताबाई म्हणाल्या. "तुमच्या मागून चालण्याचा."

रागावून नाही म्हणाल्या. भात वाढावा तशा म्हणाल्या. तेच पंतांना फार लागलं.

अहो, रखुमाईचं देऊळ विठोबापासून वेगळं आहे. म्हणून त्यांचा संसार मोडला? युगं लोटली, दोघं सुखात आहेत. पण हे आपल्याला देवळात पटतं, घरात पटत नाही.

पंतांनी काय केलं? दोन दिवस फुगून बसले. मग मोठ्या मनानं कबूल झाले — आणि हेमलतेच्या एकट्या दिवसाचं वेळापत्रक करायला बसले! आठ वाजता नाश्ता, नऊला चर्च, साडेदहाला कारंजं. बाईंनी कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल हलायचं थांबलं.

पंतांनी ऋजुताला फोन लावला. "तुझ्या काकूला समजाव. परका देश, भाषा येत नाही, ती काय करणार?"

"त्यांचं त्या बघतील, काका. त्या दिवशी तुम्ही काय करणार?"

पंतांनी चष्मा चढवला. अकरा गावांची यादी समोर होती, पण ती साडूची! तिच्यात विश्वंभर नेरूरकर कुठेच नव्हते. बायकोचा फॉर्म न विचारता भरला, आणि आपला? तोही दुसऱ्याचाच उतरवलेला.

"काका, लहानपणी कशात जीव रमायचा?"

पंत म्हणाले, "उद्या सांगतो." उद्याचे चार दिवस झाले. पाचव्या दिवशी आपणहून फोन केला, आवाज लाजलेला. "मला नकाशे आवडायचे. मोजणीचे नव्हेत, नुसते बघायचे."

"अहो, मग रोममध्ये पोपच्या वाड्यात एक लांबलचक दालन आहे. दोन्ही भिंतींवर नकाशेच रंगवलेत."

"तिथे किती वेळ थांबू देतात?"

ऋजुता म्हणाली, "बाकीची गावं कमी करू या."

अकराची तीन गावं झाली. मार्चमध्ये दोघं गेली.

तो दिवस उजाडला. पंत निघाले नकाशांकडे, बाई निघाल्या दुसऱ्या रस्त्यानं. पंतांनी कोपऱ्यावरून तीनदा मागे वळून बघितलं. बाईंनी एकदाही नाही.

संध्याकाळी खाणावळीच्या दारात भेटले. जेवण येण्याआधी दोघं एकदमच बोलू लागली. पंत सांगतायत, चारशे वर्षांपूर्वी ते नकाशे काढणाऱ्या माणसानं किनारा कसा रेखला, समुद्रात होड्या कशा काढल्या, आपली मान कशी दुखली. बाई सांगतायत, भाजीबाजारात एक म्हातारी आर्टिचोक नावाची भाजी निवडत होती. आपल्या केळफुलासारख्या पाकळ्या. आपण केळफूल ताकाच्या पाण्यात टाकतो, ती लिंबाच्या पाण्यात टाकत होती. "मी शेजारी बसले आणि निवडायला लागले. ती तिच्या भाषेत बोलत होती, मी माझ्या. दोन तास गेले. उठताना तिनं मला चार फुलं बांधून दिली."

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की. सकाळी पहिला रस्ता ओलांडताना. मग नाही."

पंत बायकोकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत ती जे जे सांगायची, ते त्यांना आधीच ठाऊक असायचं, कारण ते बरोबर असायचे. आज पहिल्यांदा ती कुठून तरी आली होती, आणि त्यांना पुढचं माहीत नव्हतं. ताट समोर निवत होतं. पंत म्हणाले, "मग? पुढे काय झालं?"

मंडळी, मघाशी माना हलवल्यात ना? आता घरी जा आणि विचारा, "तुला काय हवंय?" उत्तर खिशात घेऊन विचारू नका. आणि विचारून झालं की तोंड मिटून ऐका. तेवढं जमलं, तर देवाचं नाव ओठांवर आपोआप येईल. चला, मृदंग उचला, आणि म्हणा माझ्यासंगं — विठ्ठल, विठ्ठल.