अडाणच्या डोहावरचा रोहू

दिलदार मानूस पाहाचा असन, त माहं ऐका.

दारव्ह्याजवळ अडाण नदीच्या डोहावर मी गरी टाकून बसलो होतो. समोरच्या काठावर एक अनोळखी काका, तेही गरी टाकूनच. एकदम माही काठी वाकली, अन् तवाच त्यायचीही. दोघायचे दोरे पाण्यात गुतले. काकानं चाकूनं आपला दोरा कापून टाकला अन् ओरडले, “ओढा आता, तुमचा मासा सुटून जाईन!”

ओढला. चांगला हातभर रोहू! पण पाहतो त तोंडात काकाची गरी, कापलेला दोरा मांगं लोंबते. माही गरी नुसती त्या दोऱ्यात अटकली होती.

“काका, मासा त तुमचा हाय!”

“ज्यानं काढला त्याचा. माही गरी तेवढी देऊन द्या.”

डोहाच्या खालतं उथळ पाण्यातून पलीकडं गेलो, गरी देल्ली. काका बाजूले सरकले अन् म्हणे, “बसा इथंच. मोठे मासे याच खडकाखाली रायते.”

बापहो, मासा एखादा देऊनही टाकते. पण आपली जागा कोणता गरीवाला सांगते?