चौथा प्लग

ड्रायव्हर : नाही पोरी, तू हात लावू नकोस. आज मिस्त्री बघेल. तुझा दादा.

बहीण : काका, गेल्या आठवड्यात सहाच्या सहा प्लग मीच बदललेत. काय बिघडलंय ते मला बघू तरी द्या.

ड्रायव्हर : तू बदललेस म्हणूनच तर म्हणतोय! सीएनजीचा ट्रक, माल भरलेला, वर चढ. आधी झटके, मग ओढच गेली, गिअर टाकेपर्यंत इंजिन बंद. ब्रेक दाबला, तरी चार-पाच हात मागे आलाच. आणि मागे कोण? स्कूटरवर एक बाई, पाठीशी तिची लहान मुलगी. तिने स्कूटर टाकून पोरीला ओढलं म्हणून निभावलं. स्कूटरचा पार चेंदामेंदा झाला.

भाऊ : कोणाला... कोणाला लागलं नाही ना?

ड्रायव्हर : नशीब म्हणायचं. तीस वर्षं गाडी हाकतोय मिस्त्री, आरशात असं तोंड कधी बघितलं नव्हतं. त्या बाईचं.

भाऊ : मी हिला सांगितलं होतं, थंड नंबरचे, लवकर निवणारे प्लग घेऊ नकोस. पण आमचं ऐकतंय कोण!

बहीण : दादा, काका माल भरून चढ चढतात, इंजिन तापतं. गरम नंबरचा प्लग घातला तर टोक लाल होऊन गॅस वेळेआधीच पेटेल. निवड बरोबर होती.

भाऊ : मग ट्रक मागे का आला, ठिणगीबाई?

ड्रायव्हर : तुम्ही भांडा. मी कोपऱ्यावर चहा पिऊन येतो. पण मिस्त्री, हात तुझा लागू दे. हिच्या भरवशावर मी आता चढ चढणार नाही.

(ड्रायव्हर जातो. बहीण इंजिनाचं झाकण उघडते.)

भाऊ : ऐकलंस ना? सरक. मी बघतो.

बहीण : ऐकलं. हवेचा पाइप दे. आधी धूळ उडवते, नाहीतर प्लग काढताना सगळी आत पडेल.

भाऊ : मला शिकवतेस?

बहीण : स्वतःशी बोलतेय. हा पहिला. दुसरा. तिसरा. बघ, तिन्हींचा रंग फिक्कट तपकिरी. कसे छान जळलेत.

भाऊ : पुरे आता. सहाही नवे टाकू, वेळ वाचेल.

बहीण : काय झालंय ते कळल्याशिवाय?

भाऊ : काय कळायचंय त्यात? जुने फेकून दे म्हणतोय ना!

बहीण : एका आठवड्याचे प्लग जुने? पाना दे, दादा. दे. ...हा चौथा. याचा रंगच वेगळा. थांब, फट मोजायचं गेज कुठाय? मी फट चाळीसवर, म्हणजे पॉइंट चाळीस मिलिमीटरवर ठेवली होती. चाळीसची पाती आत नुसती डुलतेय. साठची पण. ऐंशीची बसली बघ, घट्ट. दुप्पट फट! गॅसच्या इंजिनात एवढ्या फटीवरून ठिणगी उडेल कशी? सपाटीवर ट्रक कसाबसा चालेल, चढावर हा प्लग मेलाच.

भाऊ : घाईत असशील. एखादा राहिला असेल.

बहीण : नवा प्लग आपणहून उघडत नाही. आणि हे बघ. फटीच्या वरच्या पट्टीवर. दिवा जवळ आण. दिसतायत का दात? पकडीचे. मी पट्टीला पकड लावतच नाही, गेजच्याच हुकाने वाकवते. पकड कोण लावतं, दादा? त्या दिवशी सहाही प्लग फडक्यावर मांडून मी वॉशर आणायला गेले होते. दहा मिनिटं. इथे तूच होतास.

भाऊ : मला वाटलं, नुसते झटके देईल. काका कुरकुरत परत येतील. तू चुकलीस, एवढंच होईल. एकदा तरी.

बहीण : एकदा तरी!

भाऊ : हो, एकदा तरी! बावीस वर्षं या गाडीखालच्या खड्ड्यात काढलीत मी. पाटीवर 'बापलेक गॅरेज' लिहिलंय. तुला येऊन तीन वर्षं झाली, आणि परवा एक ड्रायव्हर मलाच विचारतो, ठिणगीचं गॅरेज हेच का हो? आणि मी हो म्हणालो. हो म्हणालो गं मी.

बहीण : मी लावलं का ते नाव स्वतःला?

भाऊ : आणि बाबा. डोळ्यांना दिसत नाही आता, पण कान शाबूत. इंजिन सुरू झालं की खाटेवरून म्हणतात, "पोरीने लावलेत." माझ्या कामाला एक शब्द नाही. मागच्या महिन्यात तू नव्हतीस, मी तासभर खपून सहा प्लग लावले, एकेक चारदा मोजला. इंजिन सुरू केलं. बाबा काय म्हणाले माहितीये? "आज पोरगी कुठे गेली?"

बहीण : ...हे मला कधी सांगितलं नाहीस.

भाऊ : काय सांगू? धाकट्या बहिणीवर जळतो म्हणून सांगू?

बहीण : मी जळले नाही असं वाटतं तुला? तू आणि बाबा ट्रकखाली आडवे, आणि मी शाळेचं दप्तर घेऊन दारात उभी. मला तुमचे फक्त बूट दिसायचे. चार बूट. आतून हसण्याचा आवाज यायचा. मला आत ये म्हणून कोणी म्हटलं नाही, वर्षानुवर्षं. पण म्हणून मी तुझ्या जॅकला हात नाही लावला, दादा. स्कूटरवरची ती मुलगी केवढी असेल?

भाऊ : नको ना.

बहीण : मीही चुकलेच. बसवताना परत मोजायला हवे होते. पण आपल्याच घरात कोण मोजतं?

भाऊ : काकांना सांगणार आहेस?

बहीण : मी नाही सांगणार. तू सांगशील. ते बघ, आलेच.

ड्रायव्हर : काय मिस्त्री, सापडली का हिची चूक?

भाऊ : हिची नव्हती, काका. चौथ्या प्लगची फट मी वाढवली. पकडीने. हिची पाठ वळल्यावर.

ड्रायव्हर : चुकून?

भाऊ : नाही.

ड्रायव्हर : म्हणजे माझ्या हातात तू असली गाडी... का रे? माझ्याशी काय वैर?

भाऊ : तुमच्याशी नाही. गाडी लावली की तुम्ही हिला हाक मारता, म्हणून.

ड्रायव्हर : एवढ्याचसाठी? माझ्या डोळ्यांसमोर ती बाई अजून उभी आहे, आणि तू हाकेसाठी...! एक कानाखाली द्यावीशी वाटतेय.

भाऊ : द्या. आणि त्या बाईचा पत्ता द्या. त्यांना मी स्वतः सांगतो. स्कूटर उभी करून देईन, जशी होती तशी.

ड्रायव्हर : पत्ता देतो. तू जातोस की नाही तेही बघतो. पोरी, मघाशी तुला जे बोललो... जाऊ दे. लाव तू. माझ्यासमोर.

बहीण : लावते. हा नवा. चाळीस. बघा काका, पाती किंचित अडते आणि निघते, एवढंच हवं. बाकीचे पाचही परत मोजते. आता हाताने फिरवून बसवायचा, आटे सरळ बसले की मगच पाना. झालं. मारा सेल्फ.

ड्रायव्हर : आवाज तर चोख आहे. पण आवाज मागच्या वेळीही चोख होता. मिस्त्री, चल माझ्याबरोबर. ट्रक भरलेलाच आहे. त्याच चढावर नेतो, आणि जिथे ती बाई होती तिथे, ट्रकच्या मागे, तू उभा राहा.

बहीण : काका, हे काय भलतंच! दादा, तू जाऊ नकोस.

भाऊ : का? सहाही तूच मोजलेस ना?

बहीण : हो, पण...

भाऊ : मग राहतो उभा. चला काका.