लागलं कुणाला?

न्हाई न्हाई, बसा हो पोपटराव — खुटबावावनं एवढ्या लांब पाबळला आलाय बहिणीच्या केसचं विचारायला, आन् उभ्या उभ्या जाताय व्हय? प्रेमाबाई, म्हंजी आमची मंडळी, खालच्या आळीत बाळंतिणीकडं गेलीय, ते काय घड्याळ बघून उरकत न्हाई. तवर मीच सांगतो की. तिची केस म्हंजी माझीच केस — गावात सगळी म्हणत्यात, बन्यामीन सुतारानं बागायतदाराला कोर्टात उभा केला. आन् मी बी मान डोलावतो. आता तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू — मी न्हाई उभा केला. मी काय केलं ते... ऱ्हाऊ द्या, सुरुवातीपासनं ऐका.

शहात्तर सालची गोष्ट. आमची शेळी त्या बागायतदाराच्या, सोपानरावाच्या लिंबोणीत शिरली — एकच शेळी, ती बी म्हातारी. त्यानं ती बांधून ठेवली, ही सोडवाय गेली, बोलाचाली झाली आन् त्यानं काठी घातली, डाव्या मनगटावर. हाड मोडलं. सुईणीचं मनगट हो. आन् मी तवा कुठं व्हतो? सोपानरावाच्याच लाकडाच्या वखारीत, त्याच्याच माडीच्या दारावर रंधा मारत. निरोप आला तवा मी काय केलं म्हणाल — हातातलं दार आधी पुरं केलं. व्हय, हसा, मी बी हसतो.

हिनं हात फडक्यात बांधला आन् निघाली ठाण्यात. मी मागनं, पिशवी घेऊन. जमादार म्हणाला, शेळीचं भांडण, घरी मिटवा. दुसऱ्या दिवशी म्हणाला, उद्या या. तिसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर चार ओळी खरडल्या आन् म्हणाला, झाली तक्रार. मी हात जोडून उठलो बी — ही बसूनच. म्हणाली, 'वाचून दाखवा, आन् नक्कल द्या.' मी बी मग परत खाली बसलो. पोलिसाकडं कुणी नक्कल मागतं व्हय? पण हिनं एका वकिलाच्या बायकोचं बाळंतपण केलेलं, त्या वकिलानं सांगून ठेवलेलं — नवा कायदा आलाय, फिर्याद लिहून घेतली की वाचून दाखवायची, नक्कल फिर्यादीला फुकट द्यायची, आन् ठाण्यात लिहूनच घेतली न्हाई तर पुण्याच्या बड्या पोलीस साहेबाला टपालानं पाठवायची. जमादारानं नक्कल दिली न्हाई. हिनं सरळ रजिस्टर टपाल केलं. पाकिटावरचा पत्ता माझ्या अक्षरात हाय — केसमधली माझी कामगिरी म्हणाल तर तेवढी. नऊ दिवसांनी जमादार सायकलवर आमच्या दारात. 'प्रेमाबाई हायत का घरात?' म्हणाला. हायत का, म्हणाला.

मग केस उभी राहिली, आन् सोपानराव मला वखारीत खुर्ची द्यायला लागला. खुर्ची मीच केलेली, पण बसलो पयल्यांदा. म्हणाला, 'बन्यामीन, तुमच्या धर्मात क्षमा हाय ना?' झालं — मला तेवढंच पाहिजे व्हतं. आठवडाभर घरी हिला क्षमेवर उपदेश केला, आमच्या चर्चातल्या पाळकसाहेबांनी बी एवढा लांबवला नसता. ही ऐकून घ्यायची आन् एका हातानं पीठ मळायची. क्षमा कसली हो — मला भ्या वाटत व्हतं. नोकरीचं तर व्हतंच, पण त्याच्याहून जास्त, रस्त्यात तो समोर आला तर नमस्कार कसा करायचा, ह्याचं.

तारीख आली. त्याच्या वकिलानं तडजोडीचा अर्ज तयारच आणलेला, खाली माझी सही. हिला सांगितलं, आज तुझं काम न्हाई, घरी ऱ्हा. मॅजिस्ट्रेट तरणाच, चष्मेवाला. त्यानं कागद वाचला आन् मला विचारलं, 'लागलं कुणाला?' म्हणालो, 'बायकोला, साहेब.' 'मग तडजोड तुम्ही कशी करता? ज्याला लागलं, त्यालाच तो अधिकार. आणि त्यानं केली तरी कोर्टाची परवानगी लागते. त्यांना घेऊन या.' मी म्हणालो, 'साहेब, मी नवरा हाय तिचा.' सगळं कोर्ट हसलं. मला वाटलं मी कायतरी चांगलं बोललो — मी बी हसलो.

पुढच्या तारखेला ही आली. साहेबांनी तो अर्ज तिच्यासमोर मोठ्यानं वाचाय लावला. आता हे मी कुणाला सांगितलेलं न्हाई, पोपटराव — त्यात लिहिलेलं, 'सदर इसमाने मारहाण केलेली नाही. फिर्यादी बाई शेळीमागे धावताना स्वतः पडली.' आन् खाली माझी सही, चांगली झोकदार. मला ठावं नव्हतं म्हणावं, तर सही करायच्या आधी मी तो वाचला व्हता. दोनदा. हिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. साहेबांना म्हणाली, 'माफ करायचं का न्हाई ते मी घरी बघीन. हितं खरं काय झालं तेवढं लिहा.'

सोपानरावाला शिक्षा झाली — कोर्ट उठंस्तवर बसून ऱ्हायची, आन् दंड. दंडातलं काही हिच्या हाताच्या औषधपाण्याला द्या, असा हुकूम. लोकं म्हणत्यात, एवढंच? ती म्हणती, त्यानं मारलं हे सरकारी कागदावर आलं. माझी वखार सुटली, आता घरीच पाळणे करतो. मनगट वाकडंच बसलं, पण पोर झेलती त्याच हातानं. कोर्टातनं घरी येताना ती पुढं, मी मागं. त्या सहीबद्दल आजतागायत शब्द न्हाई. घरी बघीन म्हणाली व्हती — ती माफी सोपानरावाची का माझी, हे विचारायचं धाडस मला दोन वर्षांत झालं न्हाई.

तुमच्या खिशातनं कसला कागद डोकावतोय? ... बघू. ... बहिणीला दिरानं मारलं म्हणालात न्हाई का. तडजोडीचाच अर्ज, चांगला टाईप केलाय. आन् ही खाली सही कुणाची? ... तुमची. व्हय, थोरले भाऊ तुम्ही, खरं हाय. तिला वाचून दाखवला? ...

घ्या, ठेवा खिशात. प्रेमाबाईची वाट नका बघू, आधी बहिणीला वाचून दाखवा. उठा, यष्टी पाचला हाय — ह्या बोळातनं सरळ गेलात तर गावंल.