मोटेचं कडं

न्हाई, पण मला एक सांगा, अख्ख्या हंगामात एकदा, फकस्त एकदा मला आत खेळायला घेतलं असतं, तर कुणाचं काय बिघडलं असतं? आईनं टीमची बंडी शिवून दिल्ती, तिला हंगामभर घामाचा थेंब लागला न्हाई हो, परीट मला विचारतो, "कडूबा, हे कोरं कापड धुवायला कामून आणून राह्यला?" आता त्याला काय सांगू? का बाबा, ही बसायची बंडी हाय?

तुम्हाला सांगतो, निजामाचं राज, जालन्याला तवा कॉलेज कुठलं आलंय, आमचा आपला मदरसा, म्हंजे सरकारी शाळा. पण ड्रिलचे वाहेद मास्तर पडले हैदराबादचे, मद्रासला जाऊन बास्केटबॉल शिकून आल्ते, त्यांनी पयल्याच दिवशी चेंडू काखेत मारला अन् जाहीर केलं, "आज से ये जालना कॉलेज की टीम है." मदरशाचं कॉलेज करायला त्यांना एक चेंडू पुरला. खेळायला गडी लागतात पाच, पोरं जमली सहा. सहावा कोण, हे माझ्या तोंडाकडं बघून तुम्हाला कळलंच असंल. मी रोज उभा राहायचो, बंडी खाली ओढायचो, मास्तरांच्या डोळ्यासमोरून दोनदा जायचो... अन् मास्तर पानाचा तोबरा एका गालातनं दुसऱ्या गालात करून म्हणायचे, "बैठो मियां, जरूरत पडी तो बुलातूं."

बसलो.

आता या खेळाला दोन कडी लागतात, दोन बाजूच्या दोन खांबांवर. हैदराबादहून सामान आलं त्यात कडं निघालं एक. दुसरं वाटेत कुठं उतरलं देव जाणे. मास्तर कपाळाला हात लावून बसले, अन् आमचा कप्तान रायभान, तो बोर्डिंगात राहायचा, पण गाव त्याचं जालन्यापास्नं कोसा-दोन कोसावर, तो म्हणला, "सर, आमच्या जुन्या विहिरीवर मोट पडून हाय, तिच्या तोंडाचं लोखंडी कडं बराबर याच मापाचं हाय, घेऊन येतो." मास्तर म्हणले, "जल्दी."

झालं, इथंच झालं जे व्हायचं ते. कारण ती विहीर काय साधी विहीर न्हवती. बारमाही पाणी, अन् तरी तिच्यातलं पाणी कुणी काढत न्हवतं. कामून? तर एकदा नाडा तुटून मोट तळाला गेल्ती, अन् दुसऱ्या दिवशी बघतात तर काठावर, तोंड वर करून, कोरडी ठाक. कुणी काढली? कुणीच न्हाई. तवापासून रायभानच्या आईनं, गोपिकाबाईनं, ती विहीर अन् ती मोट आसरांना सोडून दिल्ती. आसरा म्हंजे पाण्यातल्या बाया, सात जणी. विहिरीच्या काठाला शेंदूर लावलेले सात गोटे मांडतात न्हाई का आपल्यात, त्याच. त्यांच्या वस्तूला हात लावायचा तर आधी त्यांची वटी भरायची, विचारायचं, मंग लावायचा. हे रायभानला म्हाईत न्हवतं का? जलमापासून म्हाईत. विचारलं का? न्हाई. आईला तरी विचारलं? न्हाई, म्हणला ती बाजाराला गेल्ती.

तर ते कडं खांबावर चढलं, अन् नेमका माझा बाक त्याच खांबाखाली.

पयली मॅच औरंगाबादवाल्यांशी. रायभाननं लांबून चेंडू टाकला, कड्यातनं खाली गेला, अन् तुम्हाला सांगतो... डुबुक. आवाज आला पाण्यात पडल्याचा. ते बी उथळ पाण्यात न्हवं, खोल, पुरुषभर खाली पाणी असल्यावर येतो तसा. मी वर बघितलं, खाली बघितलं, खाली नुसती माती. चेंडू मातीवर पडला तर फच्च. ओला. औरंगाबादचा एक उंच गडी चेंडू उचलून म्हणतो, "रेफरीसाहेब, यह क्या है, पसीना है क्या?" रेफरीनं धोतरानं पुसला अन् दिला. बाकीच्या कुणीबी त्या कड्यात टाकला, तर ठण्णकन बाहेर. त्यांनी टाकला तरी बाहेर, आमच्या त्रिंबकनं टाकला तरी बाहेर. रायभाननं पाठमोरं टाकला तरी आत, अन् डुबुक. आम्ही जिंकलो. मास्तरांनी रायभानला उचलून घेतलं. मी उभा राह्यलो, तर मला म्हणले, "अगली बार देखेंगे. बैठो मियां, जरूरत पडी तो बुलातूं."

त्याच दिवशी माझ्या बाकाच्या मागं एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावरनं पदर. आता त्या काळात पोरांचा खेळ बघायला बाईमाणूस येतंय का कधी? मला वाटलं असंल कुणाची तरी मावशी. परभणीवाल्यांच्या मॅचला बघतो तर अजून दोघी-तिघी, तशाच हिरव्या लुगड्यात. अन् नांदेडच्या मॅचला सात. एका रांगेत. आमच्या टीमचा तर तोराच बदलला. भुजंग म्हंजे देशमुखाचा पोरगा, तो अत्तर लावून यायला लागला. त्रिंबकनं डोक्याला एवढं तेल चोपडलं का चेंडू निसटायला लागला. जो तो आपापसात म्हणून राह्यला, माझ्यासाठी येतात, माझ्यासाठी येतात. लांबून त्यांना काय दिसणार? जवळ कोण होतं? मी.

अन् जवळनं काय दिसत होतं ते मला विचारा. चैताचं ऊन, रान फुटून भेगा पडलेल्या, अन् त्यांच्या पदरातनं पाणी ठिबकतंय. अन् ते पाणी मातीत मुरत न्हाई हो. थेंब मातीवर तसाच उभा, वाटोळा, पारा सांडल्यावानी. वास यायचा शेवाळाचा. माझ्या मानेला गार लागायचं, उघड्या विहिरीत वाकून बघितलं का लागतं तसं गार. पापणी लवत न्हवती एकीची बी. तरी म्हटलं आपण घरच्या संस्कारातले, विचारावं. म्हटलं, "बाई, उन्हात कामून उभ्या? या बाकावर बसा." एकीनं बघितलं न्हाई माझ्याकडं. हातभर अंतरावर मी अन् सातही जणींचे डोळे रायभानवर. म्हंजे त्या असोत कुणी बी, माणसाला वाईट वाटतं का न्हाई?

पण मंग रायभानचंच कायतरी बिनसलं. त्याचे केस वाळंनात. सकाळी पुसले, दुपारी बघावं तर ओले. बोटांची टोकं सुरकुतली, पाण्यात लई वेळ राहिल्यावर होतात तशी, अन् ती सुरकुती जाईना. जेवायला बसला का घास बाजूला अन् पाण्याचा तांब्या तोंडाला. एकदा भर दुपारी बोर्डिंगाच्या आडावर वाकून उभा होता, मी मागनं कमरेला मिठी मारली तवा भानावर आला. मला म्हणतो, "कडूबा, खाली किती गार हाय रे. त्या म्हणतात, अजून एक मॅच." मी म्हटलं, "कोण म्हणतात?" तर हसला नुसता, अन् हसताना त्याच्या तोंडातनं पाण्याची धार आली.

आता खरं बोलतो, मनात आलं का न्हाई? आलं. रायभान आजारी पडला का पाचवा गडी मीच. पण तो माझा जिगरी दोस्त होता हो, एका ताटात जेवलेला. मी त्या दुपारी बोर्डिंगाच्या मागं जाऊन ढसाढसा रडलो. अन् मास्तरांकडं गेलो. मास्तर म्हणले, "मियां, हैदराबाद की टीम आरी है, फायनल है, उसको कुछ नै हुआ, गर्मी है." मंग मी सरळ चालत रायभानचं गाव गाठलं.

गोपिकाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. मी म्हटलं, "मावशी, रायभानचे केस वाळंनात." तिनं सूप खाली ठेवलं. म्हटलं, "मावशी, ते मोटेचं कडं आम्ही खेळायला नेलंय." ती उठली, घरात गेली, नारळ, खण, हिरव्या बांगड्या, हळद-कुंकू, सगळं पदरात बांधलं अन् गाडी जुंपली. तिला एकच लेकरू. विधवा बाई, त्या एका पोरावर तिचं सगळं घर उभं. वाटंनं एवढंच म्हणली, "तू आलास ते बरं केलंस, कडूबा." तवा मला काय म्हाईत, ते किती बरं केलं ते.

पोचलो तर फायनल सुरू झालेली. अर्धा खेळ सरला, बाजू बदलल्या, आता रायभान मोटेच्या कड्यात टाकणार. पयला चेंडू टाकला, डुबुक, अन् रायभान गुडघ्यावर बसला. खोकला. खोकल्यासरशी ओंजळभर पाणी, त्यात हिरवं शेवाळ. लोकं म्हणतात ऊन लागलं, ऊन लागलं. आम्ही त्याला उचलून माझ्या बाकावर आणून टाकला. अंग असं गार का हात लावू वाटंना.

आता टीममध्ये राह्यले चार. मी मास्तरांकडं बघितलं, मास्तरांनी माझ्याकडं. तुम्हाला सांगतो, मी उभा राह्यलो, बंडी खाली ओढली, एक पाय रेषेच्या आत टाकलासुद्धा... मास्तर लई वेळ विचार करून म्हणतात, "चार बस हैं. बैठो मियां."

बसलो. रायभानचं डोकं मांडीवर घेऊन बसलो.

अन् मागं बघतो तर गोपिकाबाई त्या सात जणींच्या पुढं. तिनं एकेकीला कुंकू लावलं, एकेकीच्या वटीत खण घातला. मंग म्हणली, "बायांनो, पोरगं चुकलं. विचारायला पायजे होतं. कडं तुमचं हाय, आता काढून नेते, विहिरीवर ठेवते, दर हंगामाला तुमची वटी भरते. माझा रायभान मला द्या."

त्यातली मोठी बोलली. आवाज कसा सांगू, रांजणात तोंड घालून बोलावं तसा. "कडं तर आमचंच हाय. कड्यात जो टाकतो तो बी आमचाच. रिकाम्या हातानं कसं जावं?"

मैदानात खेळ चालूच. कुणाचं ध्यान न्हाई. गोपिकाबाईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. भुजंगकडं बघितलं, तर तो देशमुखाचा, पुढं कोर्टकचेऱ्या. त्रिंबककडं बघितलं, त्याची सोयरीक झालेली. अन् फिरत फिरत तिची नजर कुठं आली असंल?

म्हणती, "ह्यो बघा, हा कडूबा. चांगल्या घरचा हाय. गुणाचा हाय. खायला लागत न्हाई फार. अन् रिकामाच असतो."

मावशी! म्हटलं, मावशी, मी तुम्हाला बोलवायला आल्तो हो! पण माझं ऐकतंय कोण? सात जणी माझ्याकडं वळल्या. हंगामभरात पयल्यांदा वळल्या. एकीनं माझा हात उचलून बोटं बघितली. एकीनं दातांकडं बघितलं. तिसरी म्हणली, "पवता येतं का?" मी मान हलवली, न्हाई. ती दुसरीला म्हणली, "हे एक बरं हाय." अन् तुम्हाला खोटं कशाला सांगू, मांडीवर दोस्ताचं गार डोकं, समोर मरण उभं, अन् माझा दुसरा हात आपसूक बंडी सारखी करून राह्यला. काय करता, सवय.

त्या आपसात बोलल्या, लई वेळ बोलल्या. मंग मोठीनं मला परत एकदा वरपासनं खालपर्यंत बघितलं, सुस्कारा टाकला अन् गोपिकाबाईला म्हणली, "बरं. कडं दे, तुझा पोरगा तुला ठेव. ह्याला बी इथंच बसू दे. लागला तर बोलावू."

गोपिकाबाई बैलगाडीवर चढली अन् भर मॅचमध्ये तिनं ते कडं खांबावरनं उपसलं. मास्तर धावत आले, "कड्डा निकालते क्या खातून, मॅच चलरी है!" तिनं बघितलं बी न्हाई. गाडी निघाली, अन् गाडीच्या मागं त्या सात जणी, एका रांगेत, माळाच्या उतारावरनं खाली खाली, जिथं काय पाणी न्हाई तिथंच गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, अन् मंग नुसता माळ. रायभाननं डोळे उघडले, म्हणला, "कडूबा, भूक लागली." आम्ही हरलो, हे तुम्हाला सांगायला नको.

आज रायभान टेंभुर्णीला कापसाचा व्यापार करतो, चार लेकरांचा बाप हाय, केस वाळलेले, थोडे गेले बी. दर सणाला येतो, गळ्यात पडतो, म्हणतो, "कडूबा, तू हाईस म्हणून मी हाय." मला बरं वाटतं, का वाटू नये? पण मी नदीला जात न्हाई, विहिरीवर जात न्हाई, पाऊस आला तर छपराखालनं हलत न्हाई. बायको म्हणती, "आडावरनं दोन घागरी तरी आणा, सगळ्यांचे नवरे आणतात." तिला काय सांगू, कुणाच्या बाकावरचा गडी हाय मी? कधीमधी दुपारच्याला घरात कुणी नसलं का रांजणात आपसूक वाजतं, डुबुक. मी उठून उभा राहतो. उभाच राहतो बिचारा, हाक येती का म्हणून.

न्हाई येत. आता तुम्हीच सांगा, इतकी वर्षं झाली, मला जायचं न्हाई, बिलकुल न्हाई... पण म्हंजे त्यांनी बी एकदा तरी बोलावू नये?