उजवी भिंत

सातुर्निना: बादली खाली ठेवायची की नाही, एवढंच विचारलं, डॉक्टर. तीन जिने चढून आलेय.

डॉक्टर: बाई, ही पशुवैद्यकीय विच्छेदनाची खोली आहे. बाजार नाही.

सातुर्निना: मग बरोबर जागी आले. बादलीत हृदयं आहेत, गाईंची. सहा.

नेलिदा: आई! तुला येऊ नको म्हटलं होतं ना मी?

सातुर्निना: म्हटलं होतंस. मी ऐकलं नाही. तू कधी ऐकतेस माझं?

डॉक्टर: या तुझ्या आई?

नेलिदा: हो, डॉक्टर ओर्बेगोसो. सातुर्निना याउरी. फाटकाबाहेरच्या कोपऱ्यावर आंतिकुचोची गाडी लावते.

सातुर्निना: तेवीस वर्षं झाली. हृदय कापायचं, लाल मिरचीच्या वाटणात मुरवायचं, काडीला टोचायचं आणि निखाऱ्यावर भाजायचं. अख्खं लिमा खातं. तुम्हीही आला होतात एकदा. तिखट कमी घाला म्हणालात.

डॉक्टर: असेन आलो. बाई, बारा वाजता मला निकाल पाठवायचा आहे. आत्ता साडेअकरा झालेत. तुमच्या मुलीला वीसपैकी दहा गुण आहेत. पास व्हायला अकरा लागतात. एकाच विषयात तिसऱ्यांदा नापास झालं की विद्यापीठातून नाव कमी होतं. हा नियम मी केलेला नाही.

सातुर्निना: नियमाबद्दल कोण बोलतंय? मी त्या बरणीबद्दल बोलायला आलेय. सातवा प्रश्न. कुठली ग ती, नेली?

नेलिदा: ती, खिडकीजवळची. आई, पुरे. मी फेरतपासणीचा अर्ज लिहिलाय, मी बोलते.

डॉक्टर: अर्ज वाचला मी. प्रश्न साधा होता. बरणीतल्या हृदयाकडे बघा, निदान लिहा. उजव्या कप्प्याची भिंत नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट जाड आहे. एक्केचाळीस विद्यार्थ्यांपैकी चाळीस जणांनी लिहिलं, 'रोगट'. हिने काय लिहिलं?

नेलिदा: 'निरोगी. गाय डोंगरावरची आहे.'

डॉक्टर: बघा.

सातुर्निना: बघतेय. बरोबरच लिहिलंय की!

डॉक्टर: बाई, गाईच्या हृदयाला चार कप्पे असतात...

सातुर्निना: आणि मधे एक हाड असतं. सुरी नवीन असली तर तिथेच तिची धार जाते. पुढे बोला.

डॉक्टर: ...तुम्हाला ते हाड माहीत आहे?

सातुर्निना: पोर लहान असताना खेळायची त्या हाडांशी. तुमच्या पुस्तकात आहे का ते?

नेलिदा: आहे, आई. आणि तू ज्या झडपा आणि दोऱ्या कापून मांजराला घालतेस ना, त्याही आहेत. पहिल्या वर्षी मी नापास झाले ती त्यांच्यापायी. घरी आणावं तर हृदय आधीच साफ केलेलं! माझी अर्धी परीक्षा मांजराच्या पोटात जायची.

सातुर्निना: त्या चिवट असतात ग, गिऱ्हाईक काडीसकट फेकून मारेल.

डॉक्टर: ठीक आहे. नेलिदा, तूच सांग. निरोगी गाईच्या दोन भिंतींत फरक का असतो?

नेलिदा: उजवी बाजू रक्त फक्त फुप्फुसांकडे पाठवते. म्हणजे शेजारच्या घरी. डाव्या बाजूला ते शेपटीच्या टोकापर्यंत आणि खुरांपर्यंत पोचवायचं असतं. म्हणून डावी भिंत जाड, उजवी पातळ.

डॉक्टर: मग उजवी जाड झाली याचा अर्थ?

नेलिदा: शेजारच्या घराची गल्ली अरुंद झाली. वर चार हजार मीटरवर हवा विरळ असते, तिथे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात. त्यांतून रक्त ढकलायला उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. जोर लावून लावून तिचं मांस वाढतं.

डॉक्टर: आणि पुढे ती थकते, गाईची छाती सुजते, गाय मरते. याला पर्वतरोग म्हणतात. म्हणजे तुझ्याच तोंडून 'रोगट'.

नेलिदा: पुढे ती थकली तर. प्रत्येक गाय थकत नाही. लाखो गाई तिथे वर चरतात, वितात, दूध देतात.

डॉक्टर: लामा हे जनावरसुद्धा वरच राहतं. त्याची उजवी भिंत जाड नसते. मग उंचीवर जाड भिंत हीच निरोगी, असं कसं म्हणतेस?

नेलिदा: लामा तिथलाच आहे, डॉक्टर. त्याच्या वाहिन्या तशा आवळतच नाहीत. गाय स्पॅनिश लोकांनी आणली, काल-परवा. ती अजून मेहनत करून राहतेय. मेहनत म्हणजे आजार नव्हे.

सातुर्निना: हा माझा हात बघा, डॉक्टर. उजवा. आता हा डावा. तेवीस वर्षं या उजव्याने पंखा हलवतेय, सुरी चालवतेय. बाही शिवताना शिंपीण दोन मापं घेते माझी. हात आजारी आहे का माझा?

डॉक्टर: बाई, दंड आणि हृदय यांत फरक आहे.

सातुर्निना: आहे ना. दंडाला रविवारी सुट्टी मिळते.

डॉक्टर: हा सगळा तर्क झाला. बरणी माझ्या गुरुजींनी भरली होती. त्यांनी चिठ्ठीवर 'रोगट' लिहिलं. गेली बारा वर्षं मी हाच प्रश्न देतो.

सातुर्निना: म्हणून तर बादली आणली. बोलाचीच कढी नको. प्रत्येक हृदयाची कत्तलखान्याची पावती माझ्या एप्रनच्या खिशात आहे, जनावर कुठलं ते लिहिलेलं. या घ्या, तुमच्याकडेच ठेवा. पिशव्यांवर आकडे आहेत, पावत्यांवर तेच. माझे डोळे बांधा. नुसत्या अंगठ्याने सांगते, वरचं कुठलं नि किनाऱ्यावरचं कुठलं.

नेलिदा: तू नाही, आई. मी सांगणार. परीक्षा माझी आहे.

सातुर्निना: चुकशील.

नेलिदा: चुकले तर चुकले. डॉक्टर, हातमोजे देता?

डॉक्टर: ...दुसऱ्या खणात आहेत. वीस मिनिटं उरलीत, लक्षात ठेव.

नेलिदा: एक नंबर. उजवी भिंत पातळ, बोट लावलं की दबते. किनारा. दोन, तसंच, किनारा. तीन... तीन जाड आहे. वरचं. चार, किनारा.

सातुर्निना: नीट बघ चारला.

डॉक्टर: बाई, मदत करायची नाही.

नेलिदा: चार किनाराच. चरबी जास्त आहे म्हणून जाड वाटतं, आई, मांस पातळच आहे. पाच, वरचं. आणि सहा... हे तू फडक्यात वेगळं का बांधलंस?

सातुर्निना: मला बोलायची बंदी आहे.

नेलिदा: सहा वरचंच आहे. पण हे आजारी आहे. भिंत जाड आहे आणि तरी लिबलिबीत. कप्पा फुगलाय, टोक बोथट झालंय. ही गाय छाती सुजून मेली असणार.

डॉक्टर: थांब. पावत्या बघू दे. एक, हुआचो, किनारा. दोन, कान्येते, तेही किनारा. तीन, सेर्रो दे पास्को, वरचं. चार... हुआचो. पाच, ओंदोरेस, तेही वरचं. सहा, सेर्रो दे पास्को. इथे शेरा आहे, 'खाण्यास अयोग्य, छाती आणि कलेजी सुजलेली'. हे तुम्हाला दिलं कसं?

सातुर्निना: भांडून घेतलं. शिकायला पाहिजे, शिजवायला नको, असं लिहून दिलं. गिऱ्हाइकाला मी असलं घालत नाही. मांजरालाही नाही.

डॉक्टर: सहापैकी सहा. हम्म्. पण यातून बरणीतल्या हृदयाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, नेलिदा. औषधात सगळं मांस कडक होतं. लिबलिबीतसुद्धा. अंगठ्याने तुला काय कळणार?

नेलिदा: अंगठ्याने नाही कळणार. मुठीने कळेल.

डॉक्टर: मुठीने?

नेलिदा: उजव्या बाजूला दोन कप्प्यांच्या मधे झडप असते. कप्पा फुगला की तिचं दारही ताणतं. मग झडपेचे पडदे एकमेकांना पोचत नाहीत, रक्त मागे येतं, गाय सुजते. हे सहा नंबर बघा. माझी मूठ दारातून आत गेली, वर तीन बोटांची जागा उरली. आता पाच नंबर. भिंत जाड आहे, पण दारात मूठ घट्ट बसते. बरणी उघडू का?

डॉक्टर: ती बारा वर्षांत उघडलेली नाही.

सातुर्निना: मग बारा वर्षं विचारताय काय त्या पोरांना? झाकणाचा रंग?

डॉक्टर: बाई!

नेलिदा: आई, गप. डॉक्टर, माझी मूठ नको, तुमची घाला. पहिल्यांदा सहात. मग पाचात. मग बरणीतल्यात.

(झाकण निघायला वेळ लागतो. खोलीत औषधाचा उग्र वास पसरतो.)

डॉक्टर: ...घट्ट बसते.

सातुर्निना: काय म्हणालात?

डॉक्टर: पाचासारखीच, असं म्हणालो. टोकही बोथट नाही. नेलिदा, नीट ऐक. दहा मिनिटं उरलीत. प्रात्यक्षिकाचा एक कृपागुण द्यायचा मला अधिकार आहे. तुला अकरा होतात. तू पास झालीस. बरणी मी पुन्हा बंद करतो आणि हे इथेच संपवू.

सातुर्निना: देवा! घे, पोरी. हो म्हण.

नेलिदा: आणि सातव्या प्रश्नाचं काय?

डॉक्टर: त्याचं उत्तर बदललं तर चाळीस जणांचे गुण बदलतील. बारा वर्षांचे निकाल, गुरुजींची चिठ्ठी... तू पास झालीस ना?

नेलिदा: मला कृपागुण नको.

सातुर्निना: नेली!

नेलिदा: नको, आई. माझं उत्तर बरोबर आहे. बरोबर उत्तराला कृपा कशाला? चूक असेल तर शून्य द्या, मी आत्ता बादली उचलते आणि आईबरोबर गाडीवर उभी राहते. पण मी इथून पास होऊन जायचं, ती बरणी 'रोगट' म्हणून तिथेच राहायची, आणि पुढच्या वर्षी आणखी चाळीस जणांनी हे शिकून वर ओंदोरेसला जायचं, लोकांच्या धडधाकट गाई आजारी म्हणून कापायला लावायच्या? ते मी घेणार नाही.

डॉक्टर: तिसरी वेळ आहे तुझी. परत संधी नाही. कळतंय का?

नेलिदा: कळतंय. तरी नाही.

डॉक्टर: बाई, तुम्ही तरी समजवा हिला.

सातुर्निना: समजावणारच होते. चार वर्षं हिच्या पुस्तकांसाठी धूर खाल्लाय मी, डॉक्टर. पण आता नाही समजावणार. एक सांगू? नेली, तुलाही कधी सांगितलं नाही मी.

नेलिदा: काय?

सातुर्निना: सोळाव्या वर्षी मी ओंदोरेसहून खाली आले. सूतगिरणीत काम मिळणार होतं. त्याआधी छातीचा फोटो काढला त्यांनी. डॉक्टर तुमच्यासारखाच होता, पांढऱ्या डगल्यातला. फोटो उजेडात धरला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, हृदय मोठं आहे, उजवी बाजू वाढलीय, मुलगी रोगट आहे. हिला काम झेपायचं नाही. मूल होऊ देऊ नका, मरेल.

नेलिदा: आई...

सातुर्निना: मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि निघून आले. कितीतरी वर्षं पाण्याची घागर उचलताना वाटायचं, आता मरते. तू पोटात होतीस तेव्हा रोज रात्री मेणबत्ती लावायचे. आज बावन्न वर्षांची आहे. आणि ते मूल हे समोर उभं आहे, तुमचा गुण परत करतंय.

डॉक्टर: तुम्हाला कोणी विचारलं नाही, तुम्ही कुठल्या?

सातुर्निना: बोलण्यावरून कळतच होतं कुठली ते. हसले होते ना सगळे. पण फोटो बघताना कोणाला आठवलं नाही. मी तेव्हा गप्प बसले. हिने बसू नये. शून्य द्यायचं तर द्या, डॉक्टर. गाडीला दुसरा पंखा आहे माझ्याकडे.

डॉक्टर: किती वाजले?

नेलिदा: बाराला चार मिनिटं कमी.

डॉक्टर: तो लाल पेन दे. नाही, तो निकालाचा कागद आधी. सातवा प्रश्न, दोन गुण... बारा. चाळीस जणांची उत्तरं मला परत तपासायची आहेत, म्हणून निकाल आज जाणार नाही. कार्यालयाशी भांडण मी करतो, तुम्ही येऊ नका. विशेषतः तुम्ही, बाई.

सातुर्निना: बोलावलंत तरच येईन.

डॉक्टर: आता ती बरणी इकडे सरकव. गुरुजींचं अक्षर सुंदर होतं... काढ ती चिठ्ठी. ओली कर आधी, फाडू नको. नवीन चिठ्ठीवर काय लिहू? सांग.

नेलिदा: 'गाय. प्रौढ. उजव्या कप्प्याची भिंत जाड, कप्पा फुगलेला नाही. निरोगी.'

डॉक्टर: '...निरोगी.' आणि गाव? ते कुठेच नोंदवलेलं नाही. नुसतं 'डोंगरावरची' एवढंच लिहावं लागेल.

सातुर्निना: लिहा, डॉक्टर. आम्हालाही इथे सगळे तेवढंच म्हणतात.